मिस्त्रींची निळी नखं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी मिस्त्रींचं नाव घेतो. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही. माझी आईच म्हणते, "आम्ही जन्म देल्ता, पण तुला माणसात त्या बाबानं आणलं."

मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते बियाण्याला औषध लावायचं मशीन चालवायचे, म्हणून मिस्त्री. कुणी नवा माणूस भेटला की नमस्कार करायच्या ऐवजी ते दोन्ही पंजे पालथे करून त्याच्यापुढे धरायचे आणि विचारायचे, "सांगा बरं, आज काय चालू हाय?"

समोरचा गोंधळायचा. मग मिस्त्रीच सांगायचे. औषध लावलेलं बी कुणी चुकून खाऊ नये म्हणून औषधात रंग मिसळतात. आमच्याकडे मक्याला तांबडा, बाजरीला हिरवा आणि सरकीला निळा. तो रंग मिस्त्रींच्या तळव्यांवर, नखांत, मनगटाच्या केसांत वर्षभर मुक्कामाला असायचा. मिशी पुसायची सवय होती, त्यामुळे ओठाच्या कोपऱ्यातही थोडा उतरायचा. स्टेशन रोडवरचा चहावाला त्यांच्या हातात कप देताना म्हणायचा, "मका संपला वाटतं मिस्त्री. सरकी लागली."

"बराबर," मिस्त्री म्हणायचे, जणू चहावाल्यानं परीक्षा पास केली.

तुमच्याही गावात असा माणूस असेल. हळद दळणारा असेल, लोहार असेल, पत्रिका छापणारा असेल. त्याचा धंदा त्याच्या हातावरच दिसतो. आपण त्या हातांकडे एकदा बघतो आणि आपल्याला वाटतं, या माणसाचं सगळं दिसलं.

मी केदारखेड्याचा. बारावीपर्यंत भोकरदनला शिकलो आणि बी.एस्सी.ला जालन्याला आलो. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी कंपनीत पिशव्या शिवायचं काम, असं जमवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मशीन बंद पडलं, तेवढ्या वेळात मी पोत्यांवर बसून पुस्तक काढलं. मिस्त्री मागे येऊन उभे राहिले.

"काय वाचून राह्यला?"

"केमिस्ट्री."

"कशाची?"

"कशाची म्हणजे... सगळ्याचीच असते."

"मंग या रंगात काय काय हाय ते सांग."

मी घाईनं पुस्तकाची पानं उलटू लागलो.

"न्हाई येत ना? येईल. जल्दी कायची हाय?" असं म्हणून ते मशीनकडे वळले आणि तिथूनच ओरडले, "बायांनो, ऐका. आपल्याकडं प्रोफेसर आलाय आज."

तेव्हापासून मी प्रोफेसर. आजतागायत मी प्रोफेसर झालेलो नाही, पण प्लँटमध्ये मला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही.

'जल्दी कायची हाय' हा त्यांचा ठेवणीतला शब्द होता. सुपरवायझर ट्रक लावून ओरडत असला तरी तेच, घरी त्यांची बायको, आमच्या काकू, जेवायला वाढून बसल्या असल्या तरी तेच. ड्रममधून बी बाहेर पडू लागलं की ते मूठभर उचलायचे, दोन्ही तळव्यांत चोळायचे आणि हात उघडून बघायचे. रंग हाताला जास्त लागला तर बी अजून ओलं आहे, पुढं सोडायचं नाही. कंपनी हातमोजे द्यायची. ते खिशात असायचे. "मोज्यातून सरकी बोलत न्हाई," मिस्त्री म्हणायचे. मास्कही द्यायचे. तो गळ्यात असायचा, देवाच्या ताइतासारखा. संध्याकाळी नाक शिंकरलं की त्यांचा रुमाल निळा व्हायचा आणि ते तो उघडून आम्हाला दाखवायचे. आम्ही हसायचो.

बी निवडणाऱ्या बायका त्यांना सोडत नसत. एक जण म्हणायची, "मिस्त्री, काकूनं मेंदी लावून देली वाटतं?"

"तिनं लावली असती तर लाल आली असती. ही कंपनीची मेंदी हाय बाई, निळीच येती."

"मंग नवरदेव कुठं हाय?"

"हा काय, प्रोफेसर. पण याला हुंडा कोण देणार? याची शिलाई वाकडी हाय."

शिलाईची गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील पैशाच्या विचारात आहेत ते मला दिसत होतं. मी मनाशी ठरवलं, कॉलेज बास. मिस्त्रींकडे जाऊन म्हणालो, "मला दिवसपाळी द्या. पूर्णवेळ येतो."

त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांनी मी शिवलेली एक पिशवी उचलली, तिचं तोंड डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटून बघितलं.

"ही तुझी शिलाई?"

"हो."

"वाकडी हाय."

"सरळ आहे मिस्त्री."

"मी तीस वर्षं पिशव्या बघून राह्यलो, तू मला सांगतो? वाकडी हाय. असल्या शिलाईवाल्याला दिवसपाळीवर घेतलं तर सेठ मलाच घरी पाठवील. तू कॉलेजातच जा. तिथं वाकडं चालतं."

बायका हसल्या. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी फक्त रागापोटी कॉलेजला गेलो. पुढे दोन वर्षं ते सगळ्यांदेखत माझी शिलाई वाकडी म्हणत राहिले, आणि मी रोज अधिकाधिक सरळ शिवत राहिलो, आणि रोज कॉलेजला जात राहिलो. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी निवडणीतल्या एका बाईनं सांगितलं, "अरे येड्या, तुझी शिलाई सगळ्यात सरळ होती. मिस्त्रीनं आम्हाला बजावून ठेवल्तं, याला सरळ म्हणायचं न्हाई म्हून."

पदवी घ्यायला ते माझ्याबरोबर आले होते. वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला होते, त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. मिस्त्रींनी पांढरा शर्ट घातला होता आणि काकूंनी लिंबू-रांगोळीनं त्यांचे हात घासून घासून गुलाबी केले होते. तरी नखांच्या कडेला निळं राहिलंच होतं. मी मंडपातून बाहेर आलो आणि प्रमाणपत्र त्यांच्यापुढे केलं. त्यांनी हात मागे घेतले.

"धरू का?"

"धरा की."

त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला आणि त्यातून प्रमाणपत्राचे दोन कोपरे धरले. माझं नाव मोठ्यानं वाचलं. माझ्या वडिलांचं नाव वाचलं. आडनाव वाचलं. मग ते उन्हात तिरकं धरून बघितलं.

"डाग न्हाई ना पडला?"

"नाही."

"बराबर बघ."

डाग पडला नव्हता. प्रमाणपत्र आजही तसंच स्वच्छ आहे.

त्यानंतर मला त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. बी किती उगवतं ते बघायचं काम. मी मिस्त्रींच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. लग्न होईपर्यंत जेवण काकूंच्या हातचं. त्यांच्या घरी माझं ताट वेगळं नव्हतं, पेला वेगळा नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो, तिकडे येतो.

मोठ्या साथीच्या काळात प्रत्येक कंपनीच्या गेटवर बोटाला लावायचं ते छोटं मशीन आलं होतं, तुम्हाला आठवत असेल. बोटात अडकवायचं, रक्तात ऑक्सिजन किती ते आकड्यात दिसतं. पंच्याण्णवच्या वर असला की आत जा. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी बोट घातलं आणि आकडा आला अठ्ठ्याऐंशी. वॉचमन दोन पावलं मागे सरकला. त्यांना एकट्याला रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं. तिथं डॉक्टरांनी नख स्पिरिटनं पुसलं, तरी रंग निघेना, म्हणून कानाच्या पाळीला मशीन लावलं. सगळं ठीक होतं. नखावर रंग असला की त्या मशीनमधला प्रकाश नीट आरपार जात नाही आणि आकडा चुकतो, असं त्यांनी समजावलं.

मिस्त्री परत आले ते हात वर करूनच. "मशीनला निळं दिसलं की ते घाबरतं," त्यांनी गेटवरच जाहीर केलं. "माझे अठ्ठ्याऐंशी म्हणजे तुमचे अठ्ठ्याण्णव. ध्यानात ठेवा."

सगळ्यांनी ध्यानात ठेवलं. मिस्त्रींचं बोट तपासायचं नाही, असा प्लँटचा नियमच झाला. साथ गेली, गेटवरचं मशीन ऑफिसातल्या कपाटात गेलं, पण ते वाक्य राहिलं. कुणाला कमी मार्क मिळाले, कुणाचा पगार कापला, तरी लोक म्हणायचे, "मिस्त्रीचे अठ्ठ्याऐंशी समज."

त्या साथीतून ते सुटले. पुढे काही वर्षांनी थंडी सरताना साधा फ्लू आला. साधा म्हणजे आम्ही त्याला साधा म्हणत होतो. प्लँटमध्ये सरकीचा हंगाम ऐन भरात होता आणि निम्मे लोक खोकत होते. आधी मिस्त्रींची लहानगी नात तापली, मग मिस्त्री. अंग ठणकत होतं, कोरडा खोकला, कणकण. मेडिकलवरून तापाच्या गोळ्या आणल्या. काकू म्हणाल्या, डॉक्टरला दाखवू. उत्तर ठरलेलं होतं. जल्दी कायची हाय?

काही दिवसांनी ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि मिस्त्री कामावर आले. पण मशीनपाशी उभं राहण्याऐवजी ते पोत्यांवर बसून होते. निवडणीतली बाई म्हणाली, "मिस्त्री, आज ओठसुद्धा निळे केले का?"

"हंगाम हाय बाई... हंगाम," ते म्हणाले.

सुपरवायझर नवा होता. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं कपाटातलं मशीन काढून आणलं आणि मिस्त्रींच्या बोटाला लावलं. आकडा ब्याऐंशी. तो दचकला. बाकीचे खदखदून हसले. मी प्रयोगशाळेतून खाली आलो तेव्हा हे चाललं होतं.

"साहेब, तुम्हाला माहीत न्हाई," मिस्त्री त्याला म्हणाले. "माझे ब्याऐंशी म्हणजे... प्रोफेसर, तू तुझं बोट दे."

मी दिलं. अठ्ठ्याण्णव.

"हे बघा. पांढरं बोट चालतं, निळं चालत न्हाई. मशीन चांगलं हाय... बोट खराब हाय."

दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. सगळीच निळी. आकडे खालीच. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली. सुपरवायझरही हसला. मिस्त्री हसत होते, बोलत होते, थट्टा करत होते. ज्याला दम लागतो तो माणूस असा असतो का? सगळ्यांच्या डोळ्यांपुढे दमेकरी होते, छाती धरून वाकलेले. मिस्त्री तसे नव्हते. ते फक्त वाक्य मध्येच थांबवत होते, आणि थांबून बोलायची तर त्यांना सवयच होती. मी म्हटलं, "मिस्त्री, तरी संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन येऊ." ते म्हणाले, "येवढा लॉट निघू दे. उद्या रविवार हाय. परवा जाऊ."

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. "जरा येऊन जाय रे. यांचा रंग निघून न्हाई राह्यला."

फोन करण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी चहा पिऊन गेलो.

दर रविवारी काकू त्यांचे हात धुऊन द्यायच्या, हा त्या घरातला रिवाज होता. मिस्त्री कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यात स्टुलावर परात, परातीत कोमट पाणी, बाजूला लिंबाच्या पिळलेल्या फोडी. काकू त्यांचं एकेक बोट धरून रांगोळीनं घासत होत्या. "पयलं पाणी निळं झालं, ते फेकलं," त्या म्हणाल्या. "दुसरं थोडं झालं. हे तिसरं बघ, साफ हाय. तळवे निघाले. नखं निघंना झालीत."

मी बघितलं. हात स्वच्छ होता. नखं मात्र निळीच होती, आणि तो आमच्या सरकीचा निळा नव्हता. राखेसारखा मळका निळा होता.

"रात्री आडवे पडले न्हाईत," काकू सांगत होत्या. "असेच टेकून बसले होते. पाणी देलं तर घोट घोट थांबून पितात. जेवण तर बंदच हाय. सकाळपासून नातीला ताईच्या नावानं हाका मारून राह्यले." ताई म्हणजे त्यांची मुलगी, नातीची आई.

बोलता बोलता काकू थांबल्या. त्यांचं लक्ष मिस्त्रींच्या पायांकडे गेलं होतं. मिस्त्री प्लँटमध्ये गुडघ्याएवढे गमबूट घालायचे. पायाला कधी रंगाचा थेंब लागला नव्हता. काकूंनी पाऊल हातात घेतलं. पायाचं प्रत्येक नख तसंच मळकं निळं होतं.

"हा रंग कुठला रे?" त्यांनी मला विचारलं. "तू शिकेल हाय, सांग ना. पायाला कुठला रंग?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं, पण कुठल्या तरी जुन्या दिवसात.

"पिशव्या... झाल्या का शिवून? मंग जा. कॉलेज... हाय ना तुझं."

आम्ही त्यांना रिक्षात घातलं. काकू रिक्षावाल्यावर ओरडत होत्या, चल, चल, जल्दी चल. मिस्त्रींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते काहीतरी पुटपुटले. दोन शब्दच आले. ते तुम्हाला माहीत आहेत.

दवाखान्यात तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी कानाला मशीन लावलं. आकडा सत्तरच्याही खाली.

"रंगामुळं असंल मॅडम," काकू म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या.

"हा रंग नाही हो काकू," मॅडम म्हणाल्या. "रक्तात ऑक्सिजन कमी झाला की नखं, ओठ असे होतात."

मग त्यांनी मिस्त्रींच्या पोटावर नजर ठेवून घड्याळ लावून श्वास मोजले. साध्या माणसापेक्षा दुप्पट. एक्स-रेमध्ये जिथं काळं दिसायला हवं, तिथं दोन्ही बाजूंना पांढरं पसरलं होतं, पावसाळी सकाळी शेतावर धुकं असतं तसं. विषाणूचा न्यूमोनिया, त्या म्हणाल्या, आणि गंभीर. ताप उतरला म्हणजे आजार उतरला असं नसतं. आजार घशातून खाली छातीत उतरलेला असतो. काही जणांना दम लागल्याचं कळतच नाही. ऑक्सिजन आत कमी होत जातो आणि माणूस बोलत बसतो, हसतो सुद्धा. विषाणूवरची गोळी असते, पण ती पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. आम्ही देतोच आहोत, पण उशीर झालाय.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. वय? साठीच्या आसपास. शुगर? आहे, बऱ्याच वर्षांपासून, गोळी कधी घेतात, कधी राहते. वजन तर दिसतंच होतं. आधी बिडी ओढत होते? तरुणपणी. धुळीत काम? मी सांगितलं, चाळीस वर्षं. फ्लूची दरवर्षीची लस घेतली होती? काकू म्हणाल्या, "साथीच्या टायमाला दोन्ही घेतल्यात की." ती वेगळी, मॅडम म्हणाल्या. ही दरवर्षी घ्यायची असते, खास करून अशा माणसांनी.

अशी माणसं. मॅडमनी एकेक विचारलं तेव्हा मला दिसलं की या आजारासाठी मिस्त्रींच्या घराचं दार आम्ही सगळ्यांनी कधीपासून उघडून ठेवलं होतं. शुगर, वजन, धूळ, वय, सगळं आत येऊन बसलं होतं. आम्ही फक्त नखांना हसत होतो.

आधी नाकात नळी, मग जोरात ऑक्सिजन सोडणारं यंत्र, मग तोंडावर घट्ट बसणारा मास्क. मास्क लावला की बोलता येत नव्हतं. पालथं झोपवलं की आकडा थोडा चढायचा, म्हणून पालथं झोपा, असं सारखं सांगावं लागायचं. पोट मोठं, त्यांना ते जमायचं नाही, ते उताणे व्हायचे. अतिदक्षता विभागात घरचं एकच माणूस जाऊ शकत होतं, ते म्हणजे ताई. मी खाली असायचो. ज्या पदवीसाठी या माणसानं मला दोन वर्षं वाकड्या शिलाईचा ठपका सोसायला लावला, ती पदवी एवढ्याच कामाला आली की रोज वरून जे कागद यायचे ते वाचून मी काकूंना सांगू शकत होतो की आज कालपेक्षा वाईट आहे. त्या विचारायच्या, "उद्या?" तिथं मला काही येत नव्हतं.

मास्कनं भागेना तेव्हा घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना एक पत्र लिहून ताईकडे दिलं. तिनं ते त्यांच्या कानाशी बसून वाचलं. त्यांनी डोळे उघडले होते, असं ती म्हणाली. ऐकलं का, ते तिला सांगता आलं नाही.

यंत्रावर ते बरेच दिवस होते. मग मूत्रपिंडं बंद पडली, आणि मग एका सकाळी ताई जिन्यावरून खाली आली. ती काकूंच्या शेजारी बसली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

शेवटची आंघोळ घालताना मी होतो. इतके दिवस प्लँटपासून दूर राहिल्यामुळे रंग पूर्ण निघून गेला होता. तळवे पांढरेफटक, नखं वाढलेली. माझ्या वडिलांनी कोपऱ्यातून विचारलं, "हे त्येचेच हात हायेत ना?" मलाही ओळखू आले नाहीत.

सरकीचा हंगाम थांबला नाही, थांबणारही नव्हता. मिस्त्रींच्या मशीनवर नवा माणूस आला आहे. चांगला आहे, तरुण आहे. हातमोजे त्याच्याही खिशातच असतात. मी प्लँटमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं, की नखाला रंग असेल तर कानाला लावा, ताप उतरल्यावरही श्वास मोजा, पायाची नखं बघा. त्यांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "मिस्त्रीला शुगर होती ना पण." दुसरा म्हणाला, "वय बी झाल्तं." परवा नव्या माणसाला खोकला होता. मी मशीन आणून त्याच्या बोटाला लावलं. आकडा नव्वदच्या खाली आला. मी कानाला लावायला गेलो तर तो हात झटकून हसला आणि म्हणाला, "प्रोफेसर, कामून घाबरून राह्यले? आपले अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याण्णव."

कानाला लावल्यावर त्याचे सत्त्याण्णव आले. तो बरा होता. आता तर त्याला कधीच कुणी पटवू शकणार नाही.

पत्र माझ्याकडे परत आलं. ताईनं दिलं. ते असं आहे:

आदरणीय मिस्त्री यांस,

सविनय जयभीम.

ताई हे वाचून दाखवील. तुम्ही फक्त ऐका, मान हलवू नका, मास्क हलतो.

काकू बऱ्या आहेत. दोन वेळा जेवतात. मी समोर बसून जेवायला लावतो. नातीचा ताप गेला, ती शाळेत जाते. प्लँटची काळजी करू नका, लॉट वेळेवर निघत आहेत.

उद्या डॉक्टर तुम्हाला झोपेचं औषध देऊन यंत्रावर ठेवणार आहेत. म्हणजे तुम्हाला श्वास घ्यायचे कष्ट पडणार नाहीत, ते काम यंत्र करील. मी सगळं विचारून घेतलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या नाहीत, आणि तुमच्याशी मी खोटं कसं बोलू? पण मॅडम चांगल्या आहेत. त्या रोज स्वतः येऊन बघतात.

आज दिवसभर त्या सांगतील तेव्हा पालथे व्हा. पोट आडवं येतं हे मला ठाऊक आहे. ताई उशी लावून देईल. थोडाच वेळ झोपा, मग पुन्हा थोडा वेळ. मनाविरुद्ध झोपा, माझ्यासाठी झोपा.

जूनमध्ये माझ्या मुलीला शाळेत घालायचं आहे. पहिल्या दिवशी तिला वर्गापर्यंत कुणी न्यायचं, यावर घरात चर्चा झाली. तिच्या आईनं तुमचं नाव सांगितलं. मुलगीही हो म्हणाली. तिनं तेव्हापासून शेजारच्या सगळ्या पोरांना सांगून ठेवलं आहे. आता तुम्हाला यावं लागेल.

मला खूप काही लिहायचं होतं. तुमच्यामुळे मी काय झालो ते लिहायचं होतं. पण ते सगळं लिहिलं तर निरोपाचं पत्र वाटेल, म्हणून लिहीत नाही. तुम्ही घरी आल्यावर समोर बसून सांगीन.

मी खालीच आहे, औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर. काहीही लागलं तर ताईला खूण करा. बोलू नका. श्वास घ्या.

आपला आज्ञाधारक